खेळायला की खेळवायला

त्या वर्षी आमच्या घरात माणसं तीन होती, पण तिघं एका वेळी घरात असण्याचा योग फक्त रविवारी दुपारी यायचा. आई हॉस्पिटलात नर्स. तिची ड्यूटी तीनला सुरू व्हायची, म्हणजे मी शाळेतून घरी पोचेपर्यंत ती बसमध्ये बसून गेलेलीही असायची. बाबा त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत पहाटे पाचपासून कामाला. ते दुपारी घरी येत आणि आल्या आल्या तासभर आडवे होत. मी किल्लीने दार उघडायचे, बूट हातात घेऊन आत यायचे आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे. हिवाळ्यात रेडिएटर मधूनच ठण्‌ ठण्‌ वाजायचा. पहिल्या महिन्यात मला वाटायचं की खालच्या मजल्यावरचं कोणीतरी आपल्याला हाक मारतंय. एकदा मी त्या पाइपावर चमच्याने वाजवून उत्तरही दिलं होतं. असं काही केल्याचं या वयात लिहायला लाज वाटत नाही, तेव्हा मात्र कोणी पाहिलं असतं तर मी मेले असते.

न्यू जर्सीतल्या त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एडिसनपासून लांब नव्हतं एवढं पुरे. आज ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत मी तूरडाळ घ्यायला जाते तेव्हा कोणती घेऊ या विचारात दहा मिनिटं जातात. तेव्हा तूरडाळ हा शब्दसुद्धा तिथे कोणाला ठाऊक नव्हता. सुपरमार्केटात सूपच्या फळीवर पिवळा वाटाणा मिळायचा, बाबा त्याचंच वरण करायचे. ते कधीच नीट शिजायचं नाही. नागपूरहून आणलेलं तिखट आईने औषधासारखं बाटलीत बंद करून ठेवलं होतं आणि ते घालताना बाबा चमच्याला टिचकी मारून मारून पाडायचे. बाबांचा स्वयंपाक मला आवडायचा. आईच्या हाताला चव जास्त होती, पण तिच्या स्वयंपाकात घाई असायची. बाबा कांदा चिरायलाही पंधरा मिनिटं लावायचे, आणि त्या पंधरा मिनिटांत घरात कोणीतरी आहे असं वाटायचं.

अमेरिकेत आम्ही आईच्या नोकरीवर आलो होतो. तेव्हा इथे नर्सेस हव्या होत्या, म्हणून आईला कागद मिळाले आणि आईच्या कागदांवर आम्ही दोघं. "मी तर बायकोच्या सामानात आलो," असं बाबा हसत सांगायचे. त्या परिसरात मराठी घरं दोन-तीनच होती. सुरुवातीला त्यांनी मोठ्या प्रेमाने जेवायला बोलावलं. गप्पांत आडनाव निघालं, मग गाव निघालं, मग भिंतीवर कोणता फोटो लावता हे निघालं. भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे हे कळल्यावर कोणी काही बोललं नाही. फोन मात्र कमी झाले. आई म्हणायची, "त्यांनाही कामं असतात."

शाळेत माझं नाव वॅन्डा झालं होतं. वंदना म्हणायला कोणाला जमत नव्हतं असं नाही, कोणी प्रयत्न केला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मी खांबाशेजारच्या टेबलावर बसायचे. तिथे बसलं की खांबामुळे आपण दिसत नाही, आणि दिसत नसलो की आपल्याजवळ कोणी का बसत नाही हा प्रश्नही पडत नाही. तेरा वर्षांच्या मुलीने शोधून काढलेला हा उपाय होता. वर्षभर तो चांगला चालला.

वसंत ऋतूत इंग्रजीच्या बाईंनी काम दिलं: घरातल्या मोठ्या माणसाची मुलाखत घ्या आणि त्याच्या तरुणपणातल्या एका प्रसंगावर दोन पानं लिहा. आईला वेळ नव्हता, म्हणून रविवारी दुपारी मी वही घेऊन बाबांसमोर बसले. ते इस्त्री करत होते. आठवडाभर हॉस्पिटलच्या चादरी इस्त्री करून आलेला माणूस रविवारी घरच्या कपड्यांना इस्त्री करायचा, आणि वर म्हणायचा की हातावेगळं काही केलं की बरं वाटतं. मी विचारलं, "बाबा, तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती?"

"तुझा जन्म," ते म्हणाले.

"ते नको. ते सगळेच लिहितील."

बाबांनी इस्त्री उभी केली आणि जरा विचार करून म्हणाले, "मग ते परदेशी लोक आले होते ते लिही."

बाबा लग्नाआधीपासून एका जिमखान्यात मार्कर होते. हा शब्द आता कोणाला कळत नाही. माझ्या नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "लाइक, अ पेन?" जिमखान्यात टेनिस खेळायला एखादा मेंबर आला आणि त्याला जोडीदार नसला की त्याच्यासमोर उभं राहून बॉल परतवायचे, त्याला घाम येईपर्यंत खेळवायचं, हे मार्करचं काम. सकाळी मेंबर येण्याआधी कोर्टही त्यानेच तयार करायचं. त्या जिमखान्याची कोर्टं मातीची होती. एका वर्षी तिथे देशोदेशीचे खेळाडू आले, क्ले-कोर्टवरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. त्यासाठी बाबांनी चार महिने मुरूम चाळला होता. आधी मोठ्या चाळणीतून, मग पिठाच्या चाळणीसारख्या बारीक चाळणीतून. त्यात विटांचा भुगा, खाली काळी माती, वर पाणी, मग रोलर, मग पुन्हा पाणी. "हात ठेवला तर बाळाच्या टाळूसारखं लागायचं कोर्ट," बाबा म्हणाले, आणि शर्टाच्या पाठीवरून तळहात फिरवून त्यांनी मला ते दाखवलं.

मग ते परदेशी खेळाडू आले आणि घसरत घसरत खेळायला लागले. आमच्याकडच्या मेंबरांनी मातीवर घसरून बॉल घेणारा माणूस कधी पाहिला नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते, आणि बाबा कोर्टामागच्या कापडी पडद्याआड उभे राहून कपाळावर हात मारत होते. "नांगरून ठेवलं बाप्पा माझं कोर्ट! एकेक पाय असा दोन-दोन हात लांब ओढायचे. रोज संध्याकाळी मी ते पुन्हा लिंपायचो, पुन्हा चुन्याच्या रेघा मारायचो. सकाळी पुन्हा नांगर."

त्यांतला जो चॅम्पियन होता, म्हणजे जो शेवटी जिंकला, त्याला सकाळी सरावाला कोणी मिळेना. जिमखान्याच्या सेक्रेटरीसाहेबांनी बाबांना पाठवलं. "तीन दिवस मी त्याला खेळवलं," बाबा म्हणाले. "दोन-दोन तास. मार्करचा एक नियम असतो, बेबी. मेंबरला हरवायचं नाही. आणि आपण हरवत नाही आहोत, हे त्याला कळूही द्यायचं नाही. पाहुण्यालाही तेच. तर मी बॉल त्याच्या हातात देत होतो. तिसऱ्या दिवशी तो चिडला. जाळीपाशी आला आणि हाताने असं करून दाखवलं, मार म्हणे, जोरात मार. मग मी मारले. चार-पाच बॉल असे मारले की तो तिकडे धावतोय आणि बॉल इकडे. काय हसला तो! तेवढ्यात व्हरांड्यातून सेक्रेटरीसाहेबांनी बोट हलवलं. मग मी पुन्हा हातात द्यायला लागलो."

एवढं बोलून त्यांनी इस्त्री उचलली. त्या चार-पाच बॉलांबद्दल ते पुढेही क्वचित बोलायचे, आणि दर वेळी तेवढेच असायचे, चार-पाच. बढाई मारणारा माणूस असता तर पंचवीस झाले असते.

मी रात्रीपर्यंत वाट न पाहता लगेच लिहायला बसले. तोवर माझं मराठी घरापुरतं उरलं होतं आणि इंग्रजी शाळेपुरतं आलं होतं, आणि दोन्हींच्या मधे बरीच खिंडारं होती. 'खेळणं' म्हणजे प्ले हे मला ठाऊक होतं. 'खेळवणं' हेही मी प्लेच धरलं. मी लिहिलं की माझे वडील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तीन दिवस चॅम्पियनविरुद्ध खेळले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला पळवून पळवून दमवलं. नियमाचं मी काही लिहिलं नाही. तो मला कळला होता, पण तो गोष्टीत बसेना. फसवायचं माझ्या मनात नव्हतं. निदान त्या दिवशी नव्हतं.

बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. सुट्टीत मी खांबाशेजारी बसले होते, तर कोणीतरी येऊन समोर ट्रे ठेवला. कॅरन. सोनेरी केसांची, दातांना तार लावलेली, वर्गात जिच्याभोवती नेहमी चार जणी असायच्या ती. तिचे वडील गावातले दातांचे डॉक्टर आणि गावच्या टेनिस क्लबातले सगळ्यात चांगले खेळाडू. "तुझे डॅड खरंच चॅम्पियनशी खेळले?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी तिने मला तिच्या टेबलावर बोलावलं आणि बाकीच्यांना सांगितलं, "शी इज वंदना. वॅन्डा नाही." मला इतका आनंद झाला होता की दुपारी घरी येताना मी तीन चौक पळत आले.

त्या रविवारी आईने निबंध वाचला. वाचता वाचता तिच्या कपाळाला आठी पडली. बाबा खाली कचरा टाकायला गेले होते. "अगं, हे काय लिहिलंस? ते खेळले नाहीत. खेळवायचे. खेळणारे वेगळे, खेळवणारे वेगळे. स्पर्धेत तुझ्या बाबांना कोण खेळू देणार होतं? पाणी प्यायलासुद्धा बाहेरच्या नळावर जायचे ते." मी विचारलं की मग इंग्रजीत कसं सांगायचं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "ते मला नाही सांगता येत. पण हे खोटं झालंय. उद्या बाईंना सांग." मी म्हटलं, सांगते.

मी सांगितलं नाही. सोमवारी कॅरनने मला तिच्या शेजारची खुर्ची धरून ठेवली होती.

पुढच्याच आठवड्यात क्लबकडून चिठ्ठी आली. क्लबचं कोर्ट उन्हाळ्यासाठी उघडणार होतं, त्या दिवशी आमच्या बाबांनी कॅरनच्या वडिलांशी एक मॅच खेळावी, अशी सगळ्यांची फार इच्छा होती. चिठ्ठी छान जाड कागदावर होती. बाबांना इंग्रजी बोलणं थोडंफार कळायचं, वाचायला मात्र त्यांना मीच लागायचे. ते हात पुसत आले आणि म्हणाले, "काय म्हणतात?"

"शनिवारी क्लबवर बोलावलंय. कॅरनच्या डॅडबरोबर टेनिससाठी."

"खेळवायला?"

ते अगदी सहज विचारलं त्यांनी. त्यांच्या डोक्यात दुसरी शक्यताच नव्हती. आणि मला एका क्षणात सगळं दिसलं. खेळायला म्हटलं तर ते विचारतील, मला कशाला? मग निबंध निघेल, मग ते म्हणतील, छे छे, त्यांना सांग मी मार्कर होतो. मग खांब.

"हो," मी म्हटलं.

आयुष्यात मी बरंच खोटं बोलले आहे. नोकरीत, संसारात, डॉक्टरांशी. सगळं विसरले. हे एका अक्षराचं तेवढं विसरता आलं नाही.

बाबा त्या आठवड्यात निराळेच झाले. दुपारची झोप सोडून स्वयंपाकघरात रिकाम्या हाताने फटके मारून पाहायचे. त्यांनी मनाशी काय जुळवलं होतं ते मला कळलं ते एका दुपारी, शाळा लवकर सुटली आणि आई निघायच्या आत मी घरी पोचले तेव्हा; ते आईला सांगत होते. क्लबला मार्कर हवा असणार. शनिवारी परीक्षा घेतील. पसंत पडलं तर लाँड्रीतून सुटका. "चादरींच्या वाफेने छाती भरून येते गं," ते आईला म्हणाले. आई माझ्याकडे बघत होती. "तू बाईंना सांगितलंस ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने विश्वास ठेवला, कारण तिला बसची वेळ झाली होती.

शनिवारी आई सकाळपासूनच जादा ड्यूटीवर होती, बाबांनी सुट्टी काढली होती. बाबांनी लाँड्रीचीच पांढरी पँट आणि पांढरा सदरा कडक इस्त्री करून घातला, कॅनव्हासच्या बुटांना खडू लावला. दोनची मॅच, आम्ही बारालाच पोचलो. कोर्ट मातीचं होतं, पण हिरवं. बाबा कडेला उकिडवे बसले, चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली. "हिरवी माती! गवत वाटावं म्हणून रंगवली का काय?" रेघा चुन्याच्या नव्हत्या, पांढऱ्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. त्याचं त्यांना भारी हसू आलं. पण कोर्ट कोरडं पडलेलं त्यांना बघवेना. नळाला पाइप होता. त्यांनी पाणी मारलं, जाळीचा झाडू ओढला, एकेक पट्टी केरसुणीने पुसून काढली. लोक यायला लागले ते त्यांना वळसा घालून खुर्च्यांवर बसत होते. एका बाईने त्यांना विचारलं की आणखी खुर्च्या कुठे मिळतील. बाबांनी शोधून आणून दिल्या. मी कॅरनच्या शेजारी बसले होते. कॅरन म्हणाली, "तुझे डॅड अजून आले नाहीत?" मी वाकून मोजे वर ओढले. थोड्या वेळाने तिचे वडील आले, त्यांनी पाइप गुंडाळणाऱ्या बाबांना नाव विचारलं, आणि मग बाबांचा हात धरून जोरजोरात हलवला. तेव्हा कॅरनला कळलं, आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी आपली दुसरी रॅकेट बाबांना दिली आणि खेळ सुरू झाला. इतकं सुंदर काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि ते सुंदर आहे हे त्या मैदानावर फक्त मला कळत होतं. डॉक्टर कुठूनही मारोत, बाबा आधीच तिथे. आणि त्यांचा बॉल परत जायचा तो थेट डॉक्टरांच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, जणू वाढून ठेवलेलं ताट. डॉक्टर तो मारायचे. लोक टाळ्या वाजवायचे. दोन-तीन फटके असे झाले की बाबा एक बॉल हलकेच जाळीत घालायचे, नाहीतर बोटभर बाहेर. पहिला सेट सहा-शून्य. डॉक्टर भले गृहस्थ होते. ते जाळीपाशी आले आणि म्हणाले, "प्लीज, मेक मी रन." बाबांनी मान लववली. "येस, सर." मग त्यांनी डॉक्टरांना पुढे बोलावलं, मागे पाठवलं, पुन्हा पुढे आणलं, पण दर वेळी बॉल जिथे पोचता येईल तिथेच, उजव्या हाताला. दुसरा सेट सहा-एक. तो एक बाबांनी का घेतला मला ठाऊक नाही. फार एकतर्फी दिसू नये म्हणून असेल.

शेवटी बाबा म्हणाले, "वेल प्लेड, सर," आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी खटकलं होतं, पण विचारायचं काय ते सुचत नसावं. मागच्या खुर्च्यांवर कोणीतरी हसलं. कॅरन हळू आवाजात म्हणाली, "आय थॉट यू सेड ही प्लेड द चॅम्पियन." रागावून नव्हे, नुसतं विचारल्यासारखं. सोमवारी ती तिच्या टेबलावर होती आणि मी माझ्या, पण सोमवार अजून यायचा होता.

घर तीन मैल होतं. आम्ही चालतच निघालो. दोन्ही बाजूंना लॉन, लॉनवर कोणी नाही. बाबा खुशीत होते. इतके खुशीत की शीळ घालत होते. "एक बॉल वाया गेला नाही बघ. पाच वर्षांनी हातात रॅकेट धरली, पण हात विसरला नाही. डॉक्टरसाहेब खूश झाले ना? बोलावतील मला. आणि कोर्टाची काय दशा करून ठेवलीय यांनी, मी महिन्याभरात—"

"तुम्ही हरलात, बाबा!" मी ओरडले. "सिक्स-लव्ह, सिक्स-वन! सगळे हसत होते!"

"हरायचंच असतं गं," ते म्हणाले. "खेळवायला बोलावलं की—"

"खेळवायला नव्हतं बोलावलं! दे वॉन्टेड यू टु प्ले! तुम्हाला खेळायला बोलावलं होतं. पत्रात तसंच लिहिलं होतं."

बाबा थांबले. एक गाडी आमच्या बाजूने गेली. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते तिच्याकडे बघत होते.

"मला?" ते म्हणाले. "खेळायला?"

"हो."

"त्या सगळ्यांसमोर? डॉक्टरांच्या विरुद्ध?"

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

मी मान हलवली. मला वाटत होतं, आता ते रागावतील. रागावले असते तर फार बरं झालं असतं. मी त्या रागाची पुढे कितीतरी वर्षं वाट पाहिली. बाबा जाऊनही आता बराच काळ लोटला. मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला, तो रविवारी व्हिडिओ कॉल करतो. वेस्ट विंडसरच्या या घरात बाकीचे सहा दिवस मी एकटी असते, आणि एकटं असण्याचा मला आता त्रास होत नाही. पण त्या रस्त्यावर बाबा माझ्या शेजारून चालत होते आणि मी जितकी एकटी होते, तितकी नंतर कधी झाले नाही.

आमची बिल्डिंग दिसायला लागली तेव्हा बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"डॉक्टरसाहेबांचा बॅकहँड कच्चा होता, बेबी," ते म्हणाले. "पहिल्या पाच मिनिटांतच दिसलं होतं मला. म्हणून तर तिकडे एकही बॉल दिला नाही."